ज्या पानावर कुणबी सापडला, त्याच पानावर आमचा आजाही होता



मागच्या जून महिन्यात रात्री साडेनऊला आमच्या पिंपळगाव राजाच्या बौद्धवाड्यातली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत तिची टीसी, वडिलांचा दाखला, चुलत्याचा दाखला आणि जात पडताळणीच्या अर्जावर निघालेली त्रुटी. त्रुटी एकाच ओळीची होती. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा सादर करावा.

वडील शाळेत गेले तेव्हा धम्मदीक्षा होऊन गेली होती, म्हणून त्यांच्या दाखल्यावर 'बौद्ध'. आजोबा शाळेतच गेले नाहीत. पणजोबांचं नाव घरात कुणाला धड सांगता येत नव्हतं. मुलगी म्हणाली, "ताई, १९५० च्या आधीचा कागद कुठून आणू? तेव्हा आमच्या घरात कागदच नव्हता."

बांधवांनो, हे वाक्य मी गेल्या आठ-दहा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही, आणि ते अर्धंच खरं आहे. कागद आपल्या घरात नव्हता, पण आपल्यावरचा कागद होता. तो पटवाऱ्याच्या दप्तरात होता, पोलीस ठाण्यात होता, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात होता. ज्यांनी आपल्याला अक्षर शिकू दिलं नाही, त्यांनी आपली नोंद मात्र चोख ठेवली. आजही ती त्यांच्याच कपाटात आहे, आणि ती आणून दाखवायची जबाबदारी कुणाची, तर आपली. २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. कपाटाची किल्ली सरकारकडे आणि कपाटातला कागद आणायचा मजुराच्या पोरीनं!

आता कुणी म्हणेल की हे सगळ्यांनाच लागू आहे, तुमच्यावरच काय अन्याय? तर थोडं मागं जाऊ या.

७ सप्टेंबर २०२३ ला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यासाठी, मग सगळ्या राज्यासाठी. त्यानंतर प्रशासन काय करू शकतं हे महाराष्ट्रानं डोळ्यांनी पाहिलं. महसूल, पोलीस, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, शाळा, कारागृह, उत्पादन शुल्क अशा सगळ्या खात्यांना कामाला लावलं. गाव नमुना १४, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, खरेदीखतं, शिंदी-ताडीच्या परवान्यांची पुस्तकं, कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्या, जे जे जुनं ते सगळं खाली उतरवलं गेलं. मोडी वाचणारे बोलावले गेले. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. पन्नास लाखांहून जास्त कुणबी नोंदी सापडल्याचं सरकारनं स्वतः जाहीर केलं.

ज्यांना नोंदी मिळाल्या त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. आरक्षणाच्या वाटणीचा वाद वेगळा आहे आणि तो ओबीसी बांधव लढताहेत. माझा प्रश्न साधा आहे. गावच्या जन्म-मृत्यूच्या बुकात एका पानावर वीसेक ओळी असतात. त्यात कुणबी असतो, माळी असतो, तेली असतो, मुसलमान असतो, मांग असतो, महार असतो. कर्मचाऱ्यानं ते पान उलटलं, 'कुणबी' शब्दावर बोट ठेवलं, त्याची नोंद घेतली आणि पुढचं पान घेतलं. वरच्या किंवा खालच्या ओळीत आमचा आजा होता. त्याच्यावरून सरकारचं बोट घसरत गेलं. पान तेच, वेळ तोच, पगारही तोच. त्या ओळीची नोंद घ्यायला अशी किती शाई जास्त लागली असती?

सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला आणि गल्लीबोळात 'गॅझेट' हा शब्द पोहोचला. चांगलं झालं. वऱ्हाडाचंही गॅझेटियर आहे, लायलचं १८७० चं. बुलडाणा जिल्ह्याचं आहे, नेल्सनचं १९१० चं. पण गॅझेटियरमध्ये जाती सापडतात, तुमचा पणजोबा सापडत नाही. पणजोबा सापडतो कोतवालाच्या बुकात.

जरा थांबून या बुकाबद्दल सांगते, कारण आपल्या तरुणांना नाव माहीत असतं, पण आत काय असतं ते माहीत नसतं. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला गाव नमुना १४ म्हणतात, त्याच जातीचा हा कागद, आपल्याकडे कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी. गावात कुणी जन्मलं, कुणी मेलं की नोंद व्हायची. तारीख, मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात. मरण असेल तर वय आणि कारण. कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी, हगवण. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं मी पाहिली आहेत. सगळीकडे ताप, ताप, ताप. समाजशास्त्रात एम.ए. करताना इन्फ्लुएंझाची साथ मी एका परिच्छेदात वाचली होती. तिथे ती ओळीनं उभी होती, आणि आपल्या वस्तीच्या ओळी संपत नव्हत्या.

आणि ही खबर देणारा कोण? गावचा कोतवाल, जो कितीतरी गावांत आपल्यातलाच असे. मेलेलं जनावर ओढणारा, दवंडी देणारा, रात्री गस्त घालणारा, साहेबाच्या घोड्यापुढं पळणारा. गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मरण त्याच्या पायांनी चालत सरकारपर्यंत गेलं. लिहिणारा मात्र दुसराच. ज्याच्या नावानं आज बुक ओळखलं जातं, त्याला स्वतःच्याच पोराच्या नावापुढं काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं.

काय लिहिलंय? देशमुखाच्या नावामागं 'राव', आपल्या नावामागं 'या'. धोंड्या, कचऱ्या, उकंड्या. आडनाव नाही, 'अमक्या वल्द तमक्या' आणि पुढं जात. जात कधी 'महार', कधी 'म्हार', आणि जुन्या इंग्रजी कागदांत तर आज आपण तोंडानं उच्चारत नाही तो 'ढ'नं सुरू होणारा शब्द. आमच्यासोबत नकला उतरवायला आलेला एक पोरगा तो शब्द पाहून ताडकन उठला आणि बाहेर जाऊन बसला. अर्ध्या तासानं परत आला. त्याला मी काही समजावलं नाही. राग यायलाच हवा. पण राग आला म्हणून पान मिटायचं नाही, कारण तो शब्द लिहिणाऱ्याची जात सांगतो, वाचणाऱ्याची नाही.

बायकांचं तर विचारूच नका. जन्माच्या नोंदीत बाप आहे, आई नाही. मरणाच्या नोंदीत 'अमक्याची बायको'. माझ्या पणजीची सहा बाळंतपणं मला त्या बुकांत सापडली, चार मुलांची मरणंही सापडली, पण तिचं नाव कुठेच नाही. ते मला वाड्यातल्या एका नव्वदीच्या म्हातारीनं सांगितलं. म्हणून म्हणते, रेकॉर्ड रूममध्ये जाण्याआधी घरातल्या म्हातारीपाशी बसा. कागद शंभर वर्षं थांबला, अजून थांबेल. ती थांबेलच असं नाही.

आता आपल्याच घरातल्या विरोधाकडे येते. कारण खरं सांगायचं तर मला कार्यालयातल्या बाबूपेक्षा आपल्या कार्यकर्त्यांनी जास्त अडवलंय. विहारात विषय काढला की एक जण हमखास उठतो. "बाबासाहेबांनी १९५६ ला हे नाव गाडलं, अन् तुमी ते कायले उकरून रायले?" टाळ्याही पडतात.

माझ्या दादा-भाऊंनो, गाडलेलं आणि लपवलेलं यात फरक असतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्याला जातीच्या धर्मातून बाहेर काढलं. त्यांनी आपल्याला विस्मरणाची दीक्षा दिली नाही. बावीस प्रतिज्ञा पुन्हा वाचा, त्यात आजा-पणजा विसरण्याची प्रतिज्ञा कुठे आहे? अस्पृश्य मूळचे कोण हा प्रश्न घेऊन १९४८ मध्ये आख्खा ग्रंथ लिहिणारा माणूस भूतकाळाला घाबरणारा नव्हता. लंडनमध्ये बसून ब्रिटिश सरकारच्या जमाखर्चाचे जुने अहवाल उपसून त्यांनी प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. सरकारचा कागद सरकारवर कसा उलटवायचा, हे आपण त्यांच्याकडूनच शिकायचं ना?

आणि एक गंमत बघा. ७ नोव्हेंबरला आपण सगळे विद्यार्थी दिवस साजरा करतो. कशाच्या आधारावर? साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरातल्या एका नोंदीच्या आधारावर. ७ नोव्हेंबर १९००, क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. ती नोंद कुणी जपली नसती, ते रजिस्टर रद्दीत गेलं असतं, तर हा दिवस आला कुठून असता? बाबासाहेबांची नोंद वंदनीय आणि आपल्या बापाची नोंद लाजिरवाणी, हा कुठला न्याय?

व्यवहाराचं म्हणाल तर १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. ३४ वर्षं आपण त्यासाठी लढलो. पण ती सवलत मिळवायला मूळ जातीचा पुरावा लागतोच. 'आम्ही फक्त बौद्ध' असं भाषणात सांगणाऱ्या नेत्याच्या मुलाची पडताळणी कधीच झालेली असते, हेही मी पाहिलंय. भाषणाची किंमत त्या पिशवीवाल्या पोरीला मोजावी लागते.

याच्या उलट टोकाचेही काही आहेत. त्यांना वंशावळ हवी ती राजा सापडावा म्हणून. माझ्या पणजोबाचा राजवाडा नव्हता. वेशीबाहेर कुडाचं घर होतं, आणि खामगावच्या जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत काम होतं. मला तोच पणजोबा हवा. कोकणस्थांची कुलवृत्तांतं छापून आली, त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या आहेत, हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्या तर परदेशी संस्थेनं फिल्मवर उतरवून नेल्या. त्या बह्यांत आपण नाही, कारण त्या घाटावर आपल्याला पाय ठेवायला जागा नव्हती. आपलं कुलवृत्तांत सरकारी दप्तरातच आहे, दुसरीकडे नाही. म्हणून आपल्यासाठी रेकॉर्ड रूम हा हौसेचा विषय नाही.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचंही असंच झालं. गुलामगिरी संपल्यानंतरच्या १८७० च्या जनगणनेत त्यांची बहुतेकांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली. त्याआधी मालकाच्या नावाखाली वय आणि लिंग, बस. तिथे मुक्त झालेल्या गुलामांसाठी नेमलेल्या सरकारी ब्युरोची जुनी कागदपत्रं २०१५-१६ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी वाचून काढली आणि सुमारे १८ लाख नावांची सूची तयार केली. आज कुणीही आपल्या पूर्वजाचं नाव टाकून शोधू शकतो. आपल्याकडे पंचवीस मुलांनी मिळून एका तालुक्याची बुकं वाचायची म्हटली, तर "कशाला पाहिजे?" या प्रश्नानंच दार बंद होतं.

दार बंद कसं होतं ते सांगते. नाव घेत नाही, कारण एकाच कार्यालयाची ही कथा नाही. पहिल्या खेपेला साहेब रजेवर. दुसऱ्या खेपेला रेकॉर्ड कीपर निवडणुकीच्या कामावर. तिसऱ्या खेपेला "साल सांगा." साल माहीत असतं तर आलो कशाला असतो? चौथ्या खेपेला "जीर्ण आहे, देता येत नाही." पाचव्या खेपेला "रेकॉर्डच नाही." हे सगळं तोंडी. सहाव्या खेपेला आम्ही म्हटलं, साहेब, रेकॉर्ड नाही हे लेखी द्या. त्या दिवशी चार वाजता बुक सापडलं.

तेव्हा ही एक सवय लावून घ्या. तोंडी उत्तर घेऊन गावाकडची एसटी पकडू नका. नकलेचा अर्ज दोन प्रतींत करा, आवक क्रमांक घ्या. साल माहीत नसेल तर पाच-पाच वर्षांचा टप्पा लिहा. नाही म्हणाले तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये लावून अर्ज टाका आणि नकलेऐवजी प्रत्यक्ष पाहणी मागा, कारण तुमच्या आज्याचं नाव कसं लिहिलं गेलं असेल ते तुम्हालाच ओळखता येईल, बाबूला नाही. महाराष्ट्रात २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. अभिलेख सांभाळणं ही त्यात कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडली तर शिक्षाही आहे. अर्जात या कायद्याचं नाव नुसतं लिहिलं तरी खुर्ची थोडी सरळ होते.

कोणता कागद कुठे, हेही डोक्यात ठेवावं लागतं, कारण वऱ्हाडावर सरकारं फार बदलली. १८५३ पर्यंत निजाम, मग इंग्रजांकडे सोपवलेला मुलूख, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. खामगाव तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. त्यामुळे आपलं गाव कोणत्या साली कोणत्या तालुक्यात होतं हे आधी बघा, नाहीतर बुलडाण्याच्या चकरा फुकट जातील. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सचिवालयाचे कागद नागपूरच्या अभिलेखागारात आहेत, निजामाचे हैदराबादला, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचा काही भाग 'अभिलेख पटल'वर घरबसल्या दिसतो. घरात कुणी लष्करात होतं का ते विचारा. महार रेजिमेंट १९४१ ला उभी राहिली, तिचं केंद्र आता सागरला आहे. रेल्वेत गँगमन असलेल्या आजोबाचं सेवापुस्तकही जातीचा पुरावा ठरू शकतं.

आणि हा सगळा खटाटोप केवळ दाखल्यापुरता समजू नका. ई-क्लास जमिनीचं काय? आपल्या जिल्ह्यात किती घरं गायरानावर दोन-दोन पिढ्या पेरताहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, लोक तुरुंगात गेले. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. कुणाला जमीन मिळाली? ज्याच्याकडे दंडाची पावती होती, ज्याचं नाव गाव नमुना १-ई मध्ये होतं, त्याला. ज्यानं ती पावती चुलीत घातली किंवा उंदरानं खाल्ली, तो आजही अतिक्रमणधारक. कागद हाच आपला सातबारा होता आणि तो आपण पत्र्याच्या पेटीत गोधडीखाली ठेवला. म्हातारा गेला की पेटीसकट सगळं बाहेर. मी स्वतः तेराव्याला नाही म्हणणाऱ्या पुरोगामी घरांत मयताचे कागद जाळलेले पाहिलेत.

आता मागणी. अनुसूचित जातींसाठी नवी समिती नेमा, असं मी म्हणत नाही. समित्या पुष्कळ झाल्या. जी पानं कुणबी नोंदींसाठी आधीच उघडली गेली, त्यातली सगळ्या जातींची ओळ न् ओळ वाचून गावनिहाय सूची करा. बार्टीकडे तालुक्या-तालुक्यात समतादूत आहेत, त्यांना जयंतीच्या कार्यक्रमांतून थोडं सोडवा आणि मोडी शिकवून या कामाला लावा. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतच असतं. आणि ज्या घरात रक्ताच्या नात्यात एकाची पडताळणी झाली आहे, तिथे भावाला, बहिणीला, पुतणीला पुन्हा १९५० पासून सुरुवात करायला लावू नका. मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्येच हे सांगून ठेवलंय.

एक सावधगिरी मात्र माझीही आहे. ही सूची सरसकट इंटरनेटवर उघडी टाकू नये. भाड्यानं खोली देताना आडनाव विचारणारा समाज आहे हा. त्याच्या हातात आख्ख्या राज्याची जातीची यादी आयती देण्यात शहाणपण नाही. वारसानं अर्ज करावा, तहसीलमधून सात दिवसांत नक्कल मिळावी, इतकं पुरे. यावर आमच्यातच मतभेद आहेत. काही मित्र म्हणतात, लपवायचं काय, सगळं उघड करा. त्यांचा मुद्दा मला पटत नाही, पण तो मांडण्याचा हक्क त्यांना आहे.

त्या मुलीचं काय झालं, असं विचाराल. चार वाजता सापडलेलं बुक तिच्याच पणजोबाचं. धाकट्या भावाच्या जन्माची नोंद, बापाचं नाव आणि जात, तीन शब्दांत. नक्कल घेऊन घरी गेलो तेव्हा तिच्या आजीनं ती वाचायला लावली. मग विचारलं, "याच्या नावामांगं 'या' काऊन लावला? आमी तर बाबा म्हणत होतो त्यायले." पोरीनं दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा 'या' गाळून वाचलं. अर्ज गेला, पडताळणी अजून प्रलंबित आहे.

आम्ही सात जणांनी मिळून गेल्या आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. प्रश्न तीन आहेत. कुणबी नोंदी शोधताना तालुक्यातली कोणत्या गावांची, कोणत्या सालांची कोतवाल बुकं तपासली? त्यातली किती स्कॅन झाली? ती स्कॅन आता कुठे ठेवली आहेत? तीस दिवस अजून झालेले नाहीत.